आंबोलीत शिमगा ते चैत्र : आजची हवा कशी ओळखायची

शिमग्याच्या सुमारास पाहुणे वर येतात ते मोबाइलवर सावंतवाडीचं टेम्परेचर बघून, नुसत्या हाफ शर्टावर, आणि मग सूर्य कलल्यावर शाल मागतात. अंदाज बरोबरच असतो हो, फक्त तो खालचा असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर, सावंतवाडीहून जेमतेम 30 किलोमीटर पण मधे अख्खा घाट. म्हणून खालचा अंदाज घ्यायचा आणि त्याला रोज आपली नजर जोडायची.

पहिलं काम, सकाळी हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर सिंधुदुर्गाचा रंग बघा. हिरवा असला तर निवांत, पिवळा असला तर लक्ष ठेवा, नारिंगी-लाल दिसला की बाहेरचे बेत बदला. मग किनाऱ्याच्या दुपारच्या कमाल तापमानातून 4 ते 5 अंश वजा करा, कारण हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. खाली 34 तर वर 29-30 धरा. रात्रीला मात्र हा हिशेब लावू नका, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गार हवा उतारावरून वाहत सखल भागात साचते, मग टेकाडावरच्या घरापेक्षा ओहोळाकाठच्या घरात जास्त थंडी.

हे ओळखायला माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे न्हाणीच्या चुलीचा धूर. पहाटे तो कौलांमधून निघतो, थोडा वर जातो आणि तिथेच आडवा पसरून राहतो, म्हणजे खाली गार हवा आणि वर ऊबदार हवेचं झाकण. ऊन तापलं की तोच धूर सरळ वर जायला लागतो. तो सरळ होईपर्यंत सखल भागातलं धुकं सहसा हलत नाही, घाट उतरायचा असेल तर तोवर थांबा.

मग वारा. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई, आणि दुपारच्या आत समुद्राकडून येतो तो खारा वारा. वेंगुर्ल्याला कोणी ओळखीचं असेल तर 12 च्या सुमारास फोन करून विचारा, खारा वारा सुटला का? नसेल आणि पूर्वेचा कोरडा वारा टिकून असेल तर खाली पारा चढणार, मार्चमध्ये किनारा असाच तापतो. त्या दिवशी घाटाखालची कामं सकाळीच उरका. किनाऱ्यावर तापमान 37 च्या वर आणि सरासरीपेक्षा 4.5 अंश जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं.

चैत्र लागला की दुपारी आभाळ बघायची सवय लावा. समुद्रावरची ओलसर हवा डोंगर चढते, थंड होते आणि ढग उभे राहतात, पिंजलेल्या कापसासारखे, माथे वाढत जाणारे. बूड काळं पडायला लागलं की वळीव जवळ आला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, दर 3 सेकंदांना 1 किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत ऐकू आलं तर पक्क्या घरात या, झाडाखाली अजिबात नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं, ते ठेवाच. वाळवण अंगणात असेल तर मी पहिल्या गडगडाटाची वाट बघत नाही, ढगाचं बूड काळवंडलं की सुपं, चटया सगळं पडवीत.