भातखंडे स्वरलिपीत पहिली सरगम कशी लिहावी

गाणं शिकणारी मुलं घरी आल्यावर वहीत स्वर उतरवून ठेवतात: ग ग रे ग प ध प ग रे सा. दोन महिन्यांनी वही उघडावी तर अक्षरं तीच, चाल मात्र हरवलेली. कुठला स्वर किती मात्रा (तालाचे ठोके) धरायचा आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येते, हे लिहिलेलंच नसतं. म्हणून आधी ताल आखायचा आणि मग स्वर भरायचे. ही सवय पहिल्या वहीपासूनच लावावी, असं मला मनापासून वाटतं.

आपण भातखंडे पद्धत घेऊ. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईतल्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. घराण्यांमधून तोंडी चालत आलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी जमवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह दिल्या. ही पुस्तकं मुळात मराठीत लिहिलेली आहेत, त्यामुळे ती उघडून बघायला आपल्याला काहीच अडचण नाही.

१. चौकट आखा. त्रितालाच्या १६ मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग. विभागांमध्ये उभ्या रेघा मारा. खालच्या ओळीत पहिल्या मात्रेला ×, पाचव्या मात्रेला २, नवव्या मात्रेला ० आणि तेराव्या मात्रेला ३ लिहा. × म्हणजे सम, ० म्हणजे खाली (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा). २ आणि ३ हे टाळ्यांचे क्रमांक आहेत, मात्रांचे नव्हेत. नवशिक्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. पेन्सिल खाली ठेवा आणि हाताने टाळी देत, नवव्या मात्रेला हात बाजूला नेत, १ ते १६ पाच-सहा वेळा मोजा.

२. स्वरांच्या खुणा ओळखा. शुद्ध स्वराला खूण नसते. कोमल (उतरलेल्या) रे, ग, ध, नि यांच्या खाली आडवी रेघ, तीव्र (चढलेल्या) म वर उभी रेघ. सा आणि प अचल, त्यांना यातलं काहीच लागत नाही. भैरव रागाचे रे आणि ध कोमल, तेव्हा रेघ विसरली तर कागदावर भैरव उरतच नाही. (त्या रिषभाचं, म्हणजे रे चं, आंदोलन, त्याचा हलका झोका, मात्र रेघेत मावत नाही, ते गुरूंसमोर बसूनच घ्यायचं.)

मंद्र (खालच्या) सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाच्या स्वरावर टिंब, मध्य सप्तकाला काही नाही. पलुसकर पद्धतीचं, म्हणजे दुसऱ्या एका स्वरलिपीचं, पुस्तक हाती आलं तर सावध राहा: तिथे वरचं टिंब मंद्र सप्तकाचं असतं आणि तार सप्तकाला उभी रेघ असते. म्हणून कुठलंही पुस्तक गायला घेण्याआधी त्यातलं चिन्हांचं पान वाचा.

३. स्वर भरा. सरावाला भूप राग घ्या. त्यात म आणि नि वर्ज्य, बाकी सगळे स्वर शुद्ध, त्यामुळे कोमल-तीव्राच्या खुणा लागत नाहीत. ही साधी सरगम खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठते:

ग ग रे ग | प – ध प | ग – रे सा | सा ध़ सा रे

खुणा अनुक्रमे: ० | ३ | × | २

‘प –’ म्हणजे प दोन मात्रा धरायचा. आडवी रेघ म्हणजे विश्रांती नव्हे, आवाज चालूच राहतो. सम भूपाच्या वादी (मुख्य) स्वरावर, गंधारावर (ग वर) येते, आणि म्हणूनच तिथे आल्यावर जिवाला बरं वाटतं. शेवटच्या विभागातला ध टिंबाचा, मंद्रातला. रे वरून पुन्हा पहिल्या ग वर या आणि आवर्तन (१६ मात्रांचा फेरा) फिरवत राहा.

४. एका मात्रेत दोन स्वर. पंधराव्या मात्रेवर नुसत्या ध ऐवजी ‘पध’ गाऊन बघा. दोन्ही अक्षरं जवळ लिहून त्यांच्या खाली एक अर्धचंद्र काढा. त्या विभागात आता स्वर वाढले, पण मात्रा चारच राहिल्या. प्रत्येक विभाग लिहून झाला की मात्रा मोजाव्यात; बहुतेक चुका तिथेच सापडतात.

५. शब्द असतील तर ते स्वरांच्या खालच्या ओळीत, मात्रेला मात्रा जुळवून लिहा. अक्षर लांबतं तिथे ऽ घाला. कण स्वर (मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर) मुख्य स्वराच्या डोक्याशी डावीकडे बारीक अक्षरात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दोन स्वरांवरच्या कमानीने. पहिल्या दहा-बारा सरगमींत यातलं काही लागणार नाही.

६. तपासा. लिहिलेली सरगम तुमच्याकडून कधीच न ऐकलेल्या, पण या खुणा वाचता येणाऱ्या सोबत्याला द्या. त्याने टाळी देत ती कागदावरून म्हणावी. तुम्ही मध्ये सूर देऊ नका. तो जिथे अडखळेल तिथे बहुधा एखादी आडवी रेघ किंवा टिंब राहिलेलं असतं. ते तेव्हाच घाला आणि त्याला पुन्हा समेपर्यंत गाऊ द्या.