गूगल डॉक्सवरचा मराठी मजकूर स्क्रीन रीडरला नीट वाचता यावा म्हणून

कोल्हापुरातल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असो, महाविद्यालयाची स्मरणिका असो की तालमीच्या शतकमहोत्सवाचे निवेदन, आजकाल असा मजकूर गूगल डॉक्सवर चार जण मिळून लिहितात. त्या चौघांत कोणी दृष्टिहीन सहकारी असेल आणि तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरत असेल, तर बाकीचे लगेच टूल्स मेनूतील ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे सुलभतेचे, पर्याय शोधू लागतात. ते पर्याय उपयोगाचे आहेतच. पण मूळ मजकूरच चुकीच्या पद्धतीने तयार झालेला असेल, तर सगळे पर्याय चालू करूनही त्या सहकाऱ्याच्या कानी काही अर्थपूर्ण पडत नाही. म्हणून आधी मजकूर पाहावा आणि मगच पर्यायांकडे वळावे.

आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण फॉन्टची आहे. डीटीपीवाल्याकडून परत आलेला गेल्या वर्षीचा अहवाल बहुधा जुन्या फॉन्टमध्ये असतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण पद्धतीच्या आधीच्या. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो. उदाहरणार्थ, कृती देव फॉन्टमध्ये ‘हिन्दी’ हा शब्द एफ, जी, यू, एन, एच या रोमन अक्षरांनी साठवला जातो, आणि स्क्रीन रीडर साठवलेले तेवढेच वाचत असल्यामुळे ऐकणाऱ्याला नुसती रोमन अक्षरे ऐकू येतात. मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यासाठी वर्डमध्ये एखादी ओळ निवडून तिचा फॉन्ट एरियल करून पाहावा. देवनागरी जाऊन रोमन अक्षरे दिसू लागली, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो परिवर्तकातून (फॉन्ट कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणावा आणि त्यानंतर मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, त्यामुळे परिवर्तनात सर्वाधिक गोंधळ वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांच्याच जागी होतो. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. नवा मजकूर तरी जुन्या फॉन्टमध्ये टंकण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

दुसरी बाब शीर्षकांची. अक्षरे ठळक आणि मोठी केली म्हणजे शीर्षक झाले, असा समज सार्वत्रिक आहे. डोळ्यांना ते पुरते, परंतु स्क्रीन रीडरच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून १ दाबल्यास पहिल्या पातळीचे शीर्षक होते, २ दाबल्यास उपशीर्षक आणि ० दाबल्यास पुन्हा साधा मजकूर. शीर्षके अशी दिली, की स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून एन व त्यापाठोपाठ एच दाबते आणि थेट पुढच्या शीर्षकावर जाते. चाळीस पानी अहवालात ताळेबंदापर्यंत पोचण्यासाठी अध्यक्षांचे मनोगत पुन्हा ऐकावे लागत नाही. डाव्या बाजूच्या आराखड्यात शीर्षक दिसत नसेल, तर ते खरे शीर्षक नाही, एवढी खूण पुरे.

चित्रासाठी ते निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि वाय दाबावे व पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचे चित्राचे वर्णन, लिहावा. ‘कुस्तीचा फोटो’ असे लिहून काही साधत नाही. ‘खासबाग मैदानात लाल मातीवर झुंजणारे दोन मल्ल, मागे प्रेक्षकांनी भरलेले मैदान’ असे लिहिले, तर चित्र तिथे का घातले आहे हे कळते. तक्त्यातील घरे एकमेकांत मिसळू नयेत. दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असे नाव न देता तो कशाचा आहे ते लिहावे.

‘लाल केलेले तेवढे दुरुस्त करा’ हा निरोप तर कटाक्षाने टाळावा, कारण सहसा स्क्रीन रीडर रंग आपणहून सांगत नाही. दुरुस्ती सुचवायची असल्यास शब्द निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि एम दाबावे आणि टिप्पणी लिहावी.

एवढे झाल्यावर पर्यायांकडे यावे. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. त्याचा सूर यांत्रिक आहे, पण कानाला लवकर सवय होते. डॉक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबल्यास स्क्रीन रीडरचे साहाय्य सुरू होते, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एच दाबल्यास ब्रेलचे. ही सेटिंग ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असल्याने दुसऱ्याने आपल्या संगणकावर ती करून देऊन उपयोग नाही. कोणती कळ कशासाठी हे आठवत नसल्यास कंट्रोल आणि तिरकी रेघ (/) दाबावी, म्हणजे संपूर्ण यादी उघडते.

ज्यांना टंकणे अवघड जाते त्यांच्यासाठी टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोलून मजकूर लिहिण्याची सोय, आहे. क्रोममध्ये ते उघडून भाषा मराठी निवडावी, मायक्रोफोनवर क्लिक करावे आणि सावकाश बोलावे. मजकूर ठळक करणे, पुसणे अशा आज्ञा मात्र इंग्रजीतच चालतात, म्हणून मराठी लिहिताना मांडणी आणि विरामचिन्हे नंतर कळफलकावरून घालावीत. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून हे करू नये. वाऱ्याचा आणि भेळेच्या गाड्यांचा आवाज मायक्रोफोनमध्ये आला, की शब्द हमखास बदलतात.

मजकूर पाठवताना एक खबरदारी घ्यावी. कार्यालयांतून परिपत्रकाची प्रत छापून, सही-शिक्का करून, ती स्कॅन करून पीडीएफ पाठवण्याची पद्धत आहे. ती पीडीएफ म्हणजे निव्वळ चित्र असते आणि वर केलेले सारे काम त्यात नाहीसे होते. सही-शिक्क्याची प्रत नियमासाठी हवी असेल तर जरूर पाठवावी, पण त्याच ईमेलमध्ये डॉक्सच्या मूळ मजकुराचा दुवाही द्यावा आणि तो पाहण्याची परवानगी पाठवण्याआधीच सर्वांना दिलेली असावी.