स्विचचं रिमोट लॉगिन आवळताना
सिस्कोच्या नेटवर्क स्विचवर रिमोट लॉगिन ठरावीक आयपी पत्त्यांपुरतं ठेवायचं, तर ॲक्सेस लिस्ट (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) बनवून ती ‘ॲक्सेस-क्लास’ कमांडने व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिन होण्याच्या आभासी वाटांवर) लावा. पुष्कळदा ती ० ते ४ लाइनवरच लागते आणि ५ ते १५ सताड उघड्या राहतात! आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याची यादी वेगळी लावावी लागते, हेही हमखास विसरलं जातं. टेलनेट (सगळं उघड पाठवणारं जुनं रिमोट लॉगिन) बंदच करा, फक्त एसएसएच (सांकेतिक रूपात पाठवणारं) ठेवा.

दुरूनच काम करताय? मग यादी लावण्याआधी चालू सेटिंग सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट) ही कमांड द्या. यादीतून आपलाच पत्ता सुटला, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगवर उठेल (नेटवर्क तेवढ्यापुरतं पडेल, पण बाहेर अडकण्यापेक्षा बरं). दुसऱ्या विंडोतून लॉगिन जमलं, की ‘रीलोड कॅन्सल’ आणि मगच सेव्ह.