ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला जाताय आणि पोरीला डॉक्टर व्हायचंय? स्टेट युनिव्हर्सिटी निवडायच्या आधी हे बघा

आपल्या बडोद्यात हे बऱ्याच घरांत होतं. काकानं नाहीतर मामानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाकलेली ग्रीन कार्डची फाइल एकदम ओपन होते आणि नेमकी तेव्हाच पोरगी बी ग्रुपमधे (बायोलॉजीवाला) बारावीला असते, नीटचा क्लास चालू असतो, आणि मग रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनच्या नातेवाईकांना फोन सुरू होतात की रटगर्स घेऊ का मॉन्टक्लेअर, रोवन घेऊ का टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी). सगळ्या स्टेटच्याच, सगळीकडे बायोलॉजी आहे, मग फरक काय?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिकडे बारावीनंतर डायरेक्ट एमबीबीएस नाही. 4 वर्षांची डिग्री, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग 4 वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग. प्री-मेड, म्हणजे मेडिकलची तयारी, हा मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) नसतो, तो नुसता रस्ता आहे. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे कोर्स लॅबसकट झाले की मेजर कुठलाही चालतो. आणि हे कोर्स वर सांगितलेल्या चारही ठिकाणी मिळतात, म्हणून "बायोलॉजीत बेस्ट कोण" ह्या प्रश्नावर रात्री घालवू नका.

माझं स्पष्ट मत आहे की नावापेक्षा मार्क कुठे टिकतील ते बघा. मेडिकल स्कूलचा फॉर्म ज्या ॲमकॅस ह्या कॉमन अर्जाच्या सिस्टिममधून जातो तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात आणि एखादा कोर्स पुन्हा देऊन सुधारला तरी पहिला ग्रेडही धरतात, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला सी आला तर तो कायमचा चिकटला. आपली पोरं गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियममधून बोर्डाची परीक्षा देऊन आलेली, तिथे दर आठवड्याला क्विझ, लॅब रिपोर्ट, प्रोफेसरला जाऊन प्रश्न विचारायचे, हे सगळं नवीन. रटगर्सच्या न्यू ब्रन्सविक कॅम्पसला पहिल्या वर्षाच्या बायोलॉजीच्या लेक्चरला शेकड्यांनी पोरं बसतात, टीसीएनजेला वर्ग छोटे असतात. ह्याचा अर्थ रटगर्स वाईट असा मुळीच नाही, रिसर्च लॅब तिथे भरपूर आहेत, जवळच मेडिकल स्कूल आणि हॉस्पिटल आहे, आणि जी पोरगी स्वतःहून चार प्रोफेसरांना मेल टाकून लॅबमधे जागा मागेल तिच्यासाठी तीच जागा उत्तम. पण लाजरी, कमी बोलणारी असेल तर जिथे प्रोफेसरला तिचं नाव माहीत होईल तिथे पाठवा, कारण शिफारसपत्रं शेवटी त्याच लोकांकडून घ्यायची असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सवाल. प्रत्येक कॉलेज सांगतं आमची एवढी टक्के पोरं मेडिकलला लागली. पूर्ण देशात अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण 40 टक्क्यांनाच जागा मिळते, तेव्हा कोणी 80-85 म्हणालं तर विचारायचं की पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारे किती होते आणि त्यातल्या कितींनी अर्ज केला? काही ठिकाणी जीपीए कमी असेल तर कॉलेजची कमिटी मेडिकलच्या अर्जासाठी शिफारसपत्रच देत नाही, मग ती पोरं आकड्यातूनच गायब होतात. हा सवाल कॉलेजच्या प्री-हेल्थ ॲडव्हायझरला (मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा) सरळ मेलवर विचारा, संकोच करू नका, उत्तर कसं येतं त्यावरून पण खूप कळतं.

पैशाचं. न्यू जर्सीत रेसिडेंट फी (राज्यात राहणाऱ्यांची कमी फी) मिळायला साधारण 12 महिने तिथे राहिलेलं असावं लागतं, म्हणून उतरल्या उतरल्या भाड्याचा करार, लायसन्स, बँकेचे कागद सगळं सांभाळून ठेवा. फेडरल मदतीचा फाफ्सा फॉर्म ग्रीन कार्डवाल्यांना भरता येतो. आणि डिग्रीत कर्ज करू नका हो, कारण 1 जुलै 2026 पासून नवीन मेडिकल स्टुडंटला फेडरल लोन वर्षाला 50,000 डॉलर आणि एकूण 2,00,000 डॉलरपर्यंतच मिळणार, पुढचं प्रायव्हेट लोन. मोठ्या नावासाठी घरापासून लांब हॉस्टेलचा खर्च करण्यापेक्षा तो पैसा मेडिकलसाठी ठेवलेला बरा. पहिली दोन वर्षं काउंटी कॉलेजला (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) करून मग ट्रान्सफर हा रस्ता पण आहे, फी खूप वाचते, फक्त काही मेडिकल स्कूल्सना सायन्सचे कोर्स 4 वर्षांच्या कॉलेजला केलेले जास्त आवडतात, तेव्हा ऑर्गॅनिक आणि बायोकेम तरी पुढच्यासाठी ठेवा.

राज्य बदलायचा विचार असेल तर तो आत्ताच करा. सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या पोरांना झुकतं माप देतात, टेक्साससारख्या ठिकाणी तर बाहेरच्यांना 10 टक्क्यांच्या वर जागा द्यायच्या नाहीत असा कायदाच आहे. काका ह्यूस्टनला आणि मामा एडिसनला असं असेल तर कॉलेजच्या आधी कुठे स्थायिक व्हायचं ते ठरवा. (स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यांचं गणित पूर्ण वेगळं, बरीच मेडिकल स्कूल्स त्यांचा अर्ज घेतच नाहीत.)

एवढं करून दोन कॉलेजं अगदी सारखीच वाटली तर जिथून हॉस्पिटलला बसनं जाता येतं ते घ्या. शॅडोइंग (डॉक्टरबरोबर राहून काम बघणं) आणि व्हॉलंटियरिंग वर्षानुवर्षं करायचं असतं आणि नवीन घरात पहिल्या वर्षी दुसरी गाडी बहुतेक नसतेच. सीट पक्की करायच्या डिपॉझिटची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी 1 मे असते, म्हणून ॲडव्हायझरचे मेल मार्चमधेच टाका.