हार्टवरचं नवीन संशोधन वाचलं की आधी काय बघायचं

२०१८ साली अ‍ॅस्पिरिनची बातमी आली होती, आठवत असेल बघा, की रोज अ‍ॅस्पिरिन घेऊन फारसा फायदा नाही आणि उलट रक्तस्राव वाढतो. आमच्या काकांनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद करून टाकली, कुणाला न सांगता. काकांना अटॅक येऊन गेलेला, स्टेंट टाकलेली. महिन्याभराने काकूच्या लक्षात आलं की पाकीट संपतच नाहीये, तेव्हा डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बातमी खोटी नव्हती हो, फक्त ती काकांसाठी नव्हतीच. त्यातला एक मोठा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांवर वयस्कर लोकांवर झालेला, आणि ते सगळे असे की ज्यांना हार्टचा आजार तोवर झालेलाच नव्हता. ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याचं गणित पूर्ण वेगळं असतं.

म्हणून पहिली गोष्ट हीच बघायची, की अभ्यास कोणावर केलाय. आजार होऊ नये म्हणून केलेला की झालेला आजार परत उलटू नये म्हणून? वय काय होतं, शुगर असलेले घेतले होते का, बायका किती होत्या? हे बातमीत बहुतेक वेळा नसतंच, पण संशोधकांनी लिहिलेल्या मूळ लेखाचा सारांश नेटवर फुकट मिळतो आणि त्यात पहिल्या चार-पाच ओळीत हे सापडतं. ते आपल्याशी जुळत नसेल तर पुढचं माहिती म्हणून वाचा, गोळीला हात लावू नका.

दुसरं, मोजलं काय? रिपोर्टवरचा आकडा सुधारला की माणसं वाचली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. टॉर्सेट्रापिब नावाचं एक औषध होतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ७० टक्क्यांच्या वर वाढवायचं, रिपोर्ट बघितला तर कुणीही खूश होईल, पण १५ हजार लोकांवरच्या ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांचेच मृत्यू जास्त निघाले आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये सगळं थांबवावं लागलं. त्याच्याही आधी १९८९ मध्ये असंच झालेलं. अटॅकनंतर ज्यांचे ठोके चुकतात ते दगावण्याची शक्यता जास्त, मग ठोके नीट करायची गोळी दिली की माणूस वाचेल, असा साधा सरळ विचार होता, आणि गोळीने ठोके खरंच नीट झाले, पण गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू दुपटीपेक्षा जास्त! तर मृत्यू, अटॅक, स्ट्रोक, अ‍ॅडमिट होणं यातलं काही मोजलंय का ते शोधा, नुसता आकडा पुरेसा नाही.

तिसरं म्हणजे लोकांना नुसतं बघितलं की चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही. नुसतं बघण्यालाही कमी लेखू नका, फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले म्हणून तर बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट हे हार्टचे शत्रू आहेत हे पक्कं झालं, आज डॉक्टर जो ‘रिस्क फॅक्टर’ शब्द वापरतात तो तिथल्याच संशोधकांनी रूढ केला. पण उपचार खरंच चालतो का हे अशा अभ्यासातून ठरवता येत नाही. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हार्टचा त्रास कमी दिसायचा, म्हणून सगळ्यांना वाटलं गोळ्या हार्ट सांभाळतात, आणि २००२ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला तर अटॅक कमी नाही, थोडे वाढलेलेच दिसले. मुळात त्या गोळ्या घेणाऱ्या बायका तब्येतीची जास्त काळजी घेणाऱ्या होत्या. त्यामुळे ‘घेणाऱ्यांमध्ये कमी आढळलं’ असं वाक्य दिसलं की थांबा.

आता टक्के. इथे कागद-पेन घ्या. २०१५ मध्ये स्प्रिंट नावाचा बीपीचा अभ्यास आला, ९,३६१ लोक, वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं की १२० च्या खाली हा प्रश्न, आणि बातम्यांमध्ये आलं ‘धोका २५ टक्क्यांनी कमी’. खरे आकडे काय, तर वर्षाला १०० जणांमागे २.१९ जणांना अटॅक, स्ट्रोक असा मोठा त्रास व्हायचा तो १.६५ वर आला. फायदा खरा आहे, पण वर्षाला २०० जणांमागे साधारण एकाला. दुसऱ्या बाजूला चक्कर येऊन पडणं, बीपी फारच उतरणं, किडनीला त्रास हे १२० वाल्या गटात जास्त होतं, आणि शुगर असलेले किंवा स्ट्रोक झालेले लोक यात घेतलेच नव्हते. शिवाय बीपी मोजलं ते शांत बसवून, मशीनने, तीनदा, धावतपळत आल्या आल्या नाही. याउलट १९९४ चा सिमव्हास्टॅटिनचा अभ्यास बघा, आधीच हार्टचा आजार असलेले ४,४४४ लोक, पाच-साडेपाच वर्षांत औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात १०० पैकी १२ गेले आणि औषधवाल्या गटात ८. हेडलाईन इथेही ‘३० टक्के कमी’ अशीच होणार, पण हे १०० मागे ४ जीव आहेत. म्हणून टक्के दिसले की ‘कितीवरून किती आणि किती वर्षांत’ हे विचारायचंच.

‘अमुक गटाला मात्र फायदा नाही’ अशा ओळी आल्या तर मनाला लावून घेऊ नका. १९८८ मध्ये १७,१८७ अटॅकच्या पेशंटवर अभ्यास झाला, अ‍ॅस्पिरिनने जीव वाचतात हे स्वच्छ दिसलं, मग संशोधकांनी मुद्दाम राशीप्रमाणे विभागणी करून दाखवली तर मिथुन आणि तूळवाल्यांना फायदा दिसेना! तुकडे पाडत गेलं की नुसत्या योगायोगाने असं काहीतरी निघतंच, हे दाखवायचं होतं त्यांना.

अभ्यासाला पैसा कुणी दिला तेही बघा, मूळ लेखाच्या शेवटी लिहिलेलं असतं. कंपनीचा पैसा म्हणजे खोटं असं नाही, फक्त जरा डोळे उघडे ठेवायचे.

आणि हे सगळं करून वाटलंच की आपली गोळी बदलायला हवी, तरी स्वतःहून बंद करू नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारी गोळी, अचानक थांबवली तर छातीत दुखणं उलटू शकतं, अटॅकसुद्धा येऊ शकतो, आणि नवी स्टेंट असताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कागदावर चार ओळी लिहून न्या: अभ्यास कोणावर झाला, काय मोजलं, १०० मागे किती फरक पडला, त्रास काय झाला, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की मी यात बसतो का. आमचे काका आता असंच करतात, मागच्या वेळी त्यांच्या कागदामुळे बीपीच्या एका गोळीचा डोस खरंच कमी झाला, डॉक्टरांनी स्वतः केला.