कोकणात ट्रेल पळायला निघालाय? मराठवाड्यातल्या रनर मंडळींनो, या चुका टाळा

दिवाळी झाली की आपल्याकडच्या सगळ्या रनिंग ग्रुपमध्ये एकच विषय निघतो, यंदा कोकणात ट्रेल, म्हणजे डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांवर, पळायला जायचं. संभाजीनगर, बीड, लातूर, परभणी, कुठलाही ग्रुप घ्या, रात्रभर गाडी चालवून पहाटे गुहागर नाहीतर दिवेआगरला पोचायचं आणि समुद्र दिसला की बॅगा टाकून थेट पळत सुटायचं असं चालतं. मग निम्म्या वाटेत कुणीतरी बसतंच. आणि बसणारा नेमका ग्रुपमधला तगडा गडी असतो, मे महिन्यात संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर चढउतार करणारा, त्याला कळतच नाही की ३० डिग्रीत आपलं असं काय झालं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, "आपल्याला उन्हाची सवय आहे" असं धरून चालणं. आपली सवय कोरड्या उन्हाची आहे हो. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर तो किती खाली येतो यावरून घाम वाळून अंग कितपत गार होऊ शकतं याचा अंदाज येतो. आपल्याकडं ४२ डिग्री आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल तर हा आकडा २२ च्या आसपास येतो, कोकणात ३२ डिग्री आणि ८० टक्के ओलावा असेल तर तोच आकडा २९ च्या आसपास. म्हणजे तिथं ऊन कमी असूनही अंगाला गार व्हायला जागाच उरत नाही. घरचा कूलर आठवा, मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि जुलैत पाऊस लागला की नुसती चिकचिक करतो, आपल्या घामाचं तिकडं तसंच होतं, टपटप गळतो पण वाळत नाही.

ओल्या उकाड्याशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, शनिवार-रविवारच्या ट्रिपमध्ये ते होणार नाही. म्हणून तिथं घड्याळातला पेस, म्हणजे पळायचा वेग, बघूच नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का तेवढंच बघा, येत नसेल तर चाला. पहिल्या दिवशी अंतर निम्मं करा, विशेषतः रात्रभर झोप नसेल तर. मळमळ, चक्कर, उन्हात अंगावर काटा येणं ही थांबायची खूण. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात होतोय. सावलीत न्या, जवळच्या घरातून विहिरीचं पाणी मागा आणि डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा, सोबत दवाखान्याची गाडी बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून जीवावर बेतू शकतं.

पाण्याचंही तसंच. भरपूर घाम येतोय म्हणून लोक नुसतं साधं पाणी पीत राहतात, बाटल्यावर बाटल्या, आणि मग डोकं दुखतं, बोटं सुजतात, उलटी होते. रक्तातलं मीठ पातळ झालेलं असतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच कालवा, अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नका. शहाळं छानच, जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, त्यामुळं शहाळ्यासोबत काहीतरी खारट पोटात गेलं पाहिजे. कोकम सरबतात मीठ घालून देतात, ते बरं पडतं.

आता समुद्राचं, आणि इथं मला जरा सविस्तर सांगायचंय कारण आपण नदीकाठची माणसं, गोदावरीचं पाणी वाढलं तर धरणातून सोडलंय हे आपल्याला माहीत असतं, पण रोज दोनदा पाणी वर येतं आणि दोनदा उतरतं हे आपल्या अंगवळणी नसतं. हॉटेल बुक करताना लोक फक्त सुट्टी बघतात, तिथी बघत नाहीत. कोकणातल्या माणसाचा साधा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. थोडंफार मागंपुढं होतं पण प्लॅनिंगला पुरतं, त्या दिवशीची पक्की वेळ गावात विचारून घ्या. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी.

याचा अर्थ काय, तर पौर्णिमा-अमावास्येला पहाटे पाचच्या सुमाराला पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. तिथून चार-पाच दिवस सकाळ पळायला चांगली, चतुर्थीला तर नऊपर्यंत पाणी उतरतच असतं. अष्टमीला मात्र सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी सहालाही भरती, पळायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, त्या दिवशी बीच सोडा आणि गावातली वाट किंवा घाट धरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं हेही लक्षात ठेवा, पहाटे जेवढं लांब गेलं तेवढंच अकरा वाजता आत येतं, खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर गेलेला माणूस तिकडंच अडकतो. आरे-वारे, हरिहरेश्वर असल्या खडकाळ ठिकाणी लाटेने ओल्या केलेल्या दगडावर पाय ठेवायचाच नाही, कितीही भारी शूज असू द्या.

खाडीची चूकही याच्यातच येते. मॅपवर किनारा सरळ दिसतो म्हणून लोक या गावातून त्या गावात असा रूट आखतात आणि मध्ये खाडी आडवी येते. जाताना गुडघ्याएवढं पाणी, येताना छातीएवढं आणि ओढ असलेलं. खाडी चालत ओलांडायचीच नाही. दाभोळ-धोपावे, बाणकोट-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटी आहेत, शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारा आणि रूट त्या वेळेभोवती आखा.

वाळूत पाय का दुखतात हा प्रश्न ट्रिपनंतर हमखास येतो. सुट्या वाळूत पळायला डांबरी रस्त्यापेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते, त्यात किनारा समुद्राकडं उतरता असतो, एक पाय सतत खाली एक पाय वर. एकाच बाजूच्या गुडघ्याच्या बाहेरून किंवा कमरेत दुखत असेल तर कारण हेच. जेवढं एका दिशेनं गेलात तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा लागतो. अनवाणी पळायची हौस असेल तर दहा-पंधरा मिनिटं पुरे, नाहीतर पोटरी आणि टाच धरते, आणि तुटकी जाळी, शिंपले, काचा बघून पाय टाका. आधी सराव करायचा तर गोदाकाठची वाळू आहेच की, पैठण, गंगाखेडकडं, फक्त उपसा केलेले खड्डे सोडून.

जांभ्याचा सडा, म्हणजे लाल जांभ्या दगडाचं उघडं पठार. लांबून आपल्या माळरानासारखा दिसतो म्हणून फसायला होतं. पावसाळ्यात आणि नंतरही काही दिवस त्याच्यावर शेवाळाचा थर असतो, घसरलं की हात सोलतो. रत्नागिरीकडच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, पायाखाली कोरीव रेघा दिसल्या तर बाजूनं जा. पावसाळ्याअखेर उगवणारी छोटी फुलंही अशीच तुडवली जातात, वाईट वाटतं बघून.

जंगलात वेगळीच दुनिया. आपल्याकडं वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीत त्याच्या दहापट. गौताळ्यात किंवा येडशी-रामलिंगला पळून जंगलाची सवय झाली असं वाटतं पण ते पानगळीचं जंगल, उघडं, लांबचं दिसतं. आंबोली-तिळारीकडच्या सदाहरित रानात दहा पावलांवरचं दिसत नाही, दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं, मोबाईलला रेंज नाही. वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. चांदोली आणि कोयना हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. इअरफोन काढून ठेवा. समोर गवा आला तर थांबा, फोटोसाठी पुढं जाऊ नका, सावकाश मागं सरका आणि त्याला वाट द्या. अंधारात पळू नका.

पावसाळ्यात जळवा लागणारच, घाबरून ओढू नका, नखानं बाजूला सारा किंवा मीठ लावा. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, दाबून धरलं की थांबतं.

साप चावला तर मात्र घाई करा, कोकणात फुरसं हा विषारी साप भरपूर. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, चोखणं, यातलं काहीही करायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, माणसाला न पळवता, उचलून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या, उपाय प्रतिविष हाच. लाल विंचवाचंही हेच, वेळ घालवू नका. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडं राहून विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचा उपचार रूढ केला, त्याआधी तरुण माणसं, लहान पोरं दगावायची. तो इलाज आज उपलब्ध आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

शेवटची चूक घरी परतल्यावर होते. भाताच्या खाचरातनं, चिखलातनं पळताना पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) लागण होऊ शकते. आणि दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीतून येतो, साधारण डिसेंबर ते मे या काळात. माकड मेलेलं दिसलं तर त्या वाटेनं जाऊच नका. पळून आल्यावर लगेच आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागं गोचीड बघा, सापडली तर चिमट्यानं सरळ उपटा, बोटानं चिरडू नका. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या जबर दुखायला लागल्या तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. डॉक्टरकडं जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा की मी अमुक तारखेला कोकणात अमुक जंगलात, चिखलात पळून आलोय, कारण लातूर-नांदेडच्या डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू किंवा व्हायरल येणार, माकडताप येणार नाही.