लॉनवरचे डाग आणि मुरलेलं शेणखत

दव असताना, भल्या सकाळी लॉनवर वाकून बघा. रुपयाएवढे वाळक्या रंगाचे ठिपके आणि त्यांवर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसले तर तो डॉलर स्पॉट, म्हणजे बुरशीचा रोग. ऊन चढलं की तंतू नाहीसे होतात. फूटभर किंवा मोठी तपकिरी वर्तुळं असतील तर बहुधा ब्राउन पॅच, म्हणजे रायझोक्टोनिया बुरशी. दोन्हींना शेणखताने आळा बसतो, पण उकिरड्यावरून थेट उचललेल्या नव्हे. अर्धकच्चं खत म्हणजे रायझोक्टोनियाला आयतं ताट. त्यात साखर भरपूर असली की ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणारी कामाची बुरशी, तीही रायझोक्टोनियावर चाल करून जात नाही.

शेण आणि वाळका पाला घमेल्याने मोजून निम्मे-निम्मे घ्या. ढीग चार-पाच फूट उंच. मूठ दाबली की बोटं ओली व्हावीत, पाणी गळू नये. ढिगाच्या पोटात 55 ते 65 अंश सेल्सिअस तापमान 15 दिवस टिकायला हवं आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग उलटायला हवा. कडा तापत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी नि हुमणी तिथेच जीव धरून राहतात.

या उष्णतेत रोगाच्या बुरशीबरोबर कामाच्या बुरशीही मरतात. ढीग 40 अंशांखाली उतरला की ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस, स्यूडोमोनास हे कामाचे जिवाणू पुन्हा वस्ती करतात. विकतचं ट्रायकोडर्मा घालायचं ते आत्ता. तापलेल्या ढिगात घातलं तर पैसे पाण्यात. नंतर दोन-तीन महिने सावलीत, ओल राखून मुरू द्या. उन्हात खडखडीत वाळवलेलं खत चाळायला सोपं, पण रोगाशी लढायला फारसं उरत नाही.

तयार झालं का, हे अळीव सांगतं: ओल्या खतात थोडं पेरा, तीन-चार दिवसांत नीट उगवलं नाही तर खत कच्चं किंवा खारट. कोंबडीखतात हा खारटपणा नेहमीचाच, त्यामुळे लॉनसाठी गाईम्हशींचं शेण बरं.

गवत कापा, काट्याने टोचे मारा, 5-6 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेलं खत 3 मिलिमीटर जाडीने पसरा. 100 चौरस मीटरला 300 लिटर, वजनात दीड-दोन क्विंटल. खराट्याने झाडून खाली उतरवा. पात्यांची टोकं उघडी दिसलीच पाहिजेत, नाहीतर गवत गुदमरतं. लगेच पाणी. एरवी मात्र पाणी सकाळीच द्यावं, रात्रभर ओलं राहिलेलं पातं बुरशीच्या पथ्यावर पडतं.

डॉलर स्पॉट उपाशी गवतावर येतो, म्हणून तिथे खताचा नत्रही कामी येतो. ब्राउन पॅचला उलट जास्तीचा नत्र मानवतो. तिथे थर निम्मा ठेवा आणि युरिया बंद. आपल्याकडे हरळीच्या लॉनला मेअखेर आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, असे दोन हात पुरतात.

पावसाळी उबदार रात्रीनंतर तेलकट, कापूस धरलेले चट्टे दिसले तर तो पिथियम. तो एकदा पसरला की खताने थांबत नाही, बुरशीनाशकच लागतं. खत टाकताना मीटरभर पट्टा कोरा सोडा, म्हणजे पुढच्या दवाला फरक मोजता येईल.